पायरीवरचा डाग

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही बंगालमध्ये गार्डन रीचला राहत होतो. तिथल्या नदीच्या घाटावर एक बंगाली चित्रकार रोज दिसायचा. जपानमध्ये शिकलेला, ओल्या कुंचल्याने एका दमात होडी काढायचा. गळ्यातला कॅमेरा मात्र कायम बंद. ऊन अंगावर आलं की बस्तान उचलून पुन्हा वडाखाली.

“उन्हाला एवढं भिता?” मी हिंदीत चिडवलं.

त्याने खिशातून एक फोटो काढला. दगडी पायरी, तिच्यावर काळपट डाग.

“जपानमध्ये असताना मीच काढलाय. अणुबाँब पडला तेव्हा या पायरीवर कुणीतरी बसलं होतं, दीदी. माणूस गेला, सावली राहिली.”

माझी लेक घाटाच्या पायरीवर उन्हात खेळत होती. मी धावत जाऊन तिला उचललं. मग खाली दगडाकडे बघायचा मला धीरच होईना.