खाकी शर्टाखाली लुगडं

भामरागडकडच्या आमच्या ठाण्यात आम्ही दोघीच बायका शिपाई होतो. माझी वर्दी चंद्रपूरच्या एका टेलरनं शिवलेली. बाईचं माप घ्यायला तो लाजायचा. "भावाची पँट आणून द्या ना मॅडम, तिच्यावरून शिवतो," म्हणाला. त्यामुळे पँट कमरेत ढगळ आणि मांड्यांत इतकी घट्ट, की जीपमध्ये चढताना हातानं पाय उचलावा लागे.

त्या हिवाळ्यात ठाण्यासमोरच्या मैदानावर आसपासच्या गावांतल्या पोरींचे कबड्डीचे सामने होते. मी बंदोबस्ताला. एका संघातली एक पोरगी तापानं आलीच नाही. बाकीच्यांनी मला घेरलं. "मॅडम, तुमी खेला ना!"

शाळेत मी बरी खेळायचे. ठाणेदार साहेबांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "जा, पण ठाण्याचं नाक कापू नका."

पहिल्याच चढाईला मी वाकले आणि मागची शिवण टर्रकन गेली. मी होते तिथंच मातीत बसकण मारली. सगळं मैदान हसायला लागलं. माझी सोबतीण धावत आली.

"सगळी फाटली का वं?" मी विचारलं.

"सगळी नाई. जेवढी फाटाले नको होती, तेवढीच!"

मग मलाही हसू आवरेना. तेवढ्यात बघ्यांतली एक म्हातारी बाई पुढं आली. आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळून तिनं मला मैदानालगतच्या आपल्या घरी नेलं. मराठी तिला येत नव्हती, गोंडीत पुटपुटत तिनं मला एक लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट नेसवलं, कमरेवर एक थाप मारली आणि खुणेनं सांगितलं, बस. मी उकिडवी बसले. उठले. उडी मारली. काही सरकलं नाही, काही आवळलं नाही!

वर खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, खाली लुगडं, अशी मी परतले. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले, पुन्हा बसले. "चालू द्या," म्हणाले. शेवटच्या चढाईला समोरच्या पोरींनी माझे दोन्ही पाय धरले, तरी हात रेषेवर पोचला. आम्ही जिंकलो. म्हातारी माझे धुळीनं भरलेले गाल दोन्ही हातांनी चोळत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. "पुढची वर्दी पाहिजे तिथं शिवा, पण अंगाच्या मापानं शिवा."

सुट्टी मिळाल्यावर आम्ही मुलचेऱ्याला गेलो. तिथं एक बंगाली बाई ब्लाउज, सलवार शिवायची. पोलिसाची पँट तिनं कधी शिवली नव्हती. पहिली तिनं बिघडवलीच, एक पाय आखूड झाला. दुसरीच्या वेळी मला दुकानात बसवलं, वाकवलं, स्टुलावर चढवलं, आणि ती जमली.

ती पँट घालून मी बाहेर आले आणि भर रस्त्यात हातपंपापर्यंत पळत सुटले.

"काऊन पळून राह्यली वं?" सोबतीण मागून ओरडली. "चोर कुठी आहे?"

"चोर नाई," मी म्हटलं, "अशीच!"