हातभर लाल वायर

पॅनेलचं झाकण बंद होतं. मशीनरूममध्ये शिरताच माझी नजर तिकडे गेली आणि मला कळलं, हे काम आमच्या माणसाचं नाही.

माझ्याबरोबर सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टर होते, एक हवालदार होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी चौबळ होते. कल्याणला खडकपाड्याच्या बाजूची ही इमारत. आदल्या दिवशी दुपारी तिथे सातव्या मजल्यावर शोभाताई लिफ्टमध्ये चढत होत्या. एक पाय आत, एक बाहेर, आणि लिफ्ट दार उघडं असतानाच वर निघाली. शोभाताई त्या इमारतीत घरोघरी पोळ्या करायच्या. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या लिफ्टचा मेकॅनिक, आमचा योहान पाटोळे, सकाळपासून पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून होता.

मी तेव्हा एका लिफ्ट कंपनीत सर्व्हिस सुपरवायझर होतो. कल्याण-डोंबिवलीच्या लिफ्ट माझ्याकडे होत्या. योहानला काम मी शिकवलं. शिवाय तो माझ्याच मंडळीतला, म्हणजे आमच्या चर्चचा. रविवारी आम्ही एकाच उपासनेला बसायचो आणि सोमवारी मी त्याला उशीर झाला म्हणून झापायचो.

आता झाकणाचं काय ते सांगतो. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला एक लॉक असतं आणि लॉकमध्ये एक कॉन्टॅक्ट. दार बंद झालं की कॉन्टॅक्ट जुळतो. सगळे कॉन्टॅक्ट एकाच लाईनमध्ये असतात, त्यामुळे एक दार जरी उघडं राहिलं तरी करंट तुटतो आणि लिफ्ट हलत नाही. कॉन्टॅक्ट खराब झाला तर टेस्टिंगपुरती दोन टोकं एका वायरने जोडतात. तिला आम्ही जंपर म्हणतो. जंपर लावला की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. टेस्टिंग झालं की जंपर काढायचा. तो विसरला तर माणूस मरतो, इतकं ते साधं आहे.

म्हणून आमच्याकडे जंपर हातभर लांब आणि लालभडक असायचा. लावला की तो पॅनेलच्या बाहेर लोंबायचा आणि झाकण बंदच व्हायचं नाही. झाकण उघडं टाकून कुठलाही मेकॅनिक घरी जात नाही. ही युक्ती कोणाची, मला ठाऊक नाही. मला माझ्या सुपरवायझरने शिकवली, मी पोरांना शिकवली. पोरं वैतागायची. योहान मात्र आपली वायर गुंडाळून पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा.

इन्स्पेक्टरांनी झाकण उघडलं. आत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा होता, नीट दाबून बसवलेला.

"ही आमची नाही," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

"वायरवर नाव लिहिलेलं असतं का?" चौबळ म्हणाले. "तुमचाच माणूस काल सकाळी आलेला."

माणूस आदल्या दिवशी सकाळी आला होता हे खरं. सातव्या मजल्याचा कॉन्टॅक्ट जळलेला त्यालाच सापडला. पार्ट ठाण्याच्या स्टोअरमधून यायचा होता. त्याने लिफ्ट बंद केली, 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावली आणि चौबळांना सांगितलं. चौबळांच्या मुलीचा त्या संध्याकाळी साखरपुडा होता, घर बाराव्या मजल्यावर. ते योहानला म्हणाले, तुमच्याकडे ती वायर असते ना, लावून दे आजच्यापुरती. योहान नाही म्हणाला. चौबळ तापले. योहान तरी नाहीच म्हणाला आणि निघून आला.

पुढचं मला वॉचमनने जिन्यात सांगितलं, मी न विचारता. "काल दुपारी बाहेरचा एक मेकॅनिक आलेला, साहेब. सेक्रेटरीसाहेब बोलले मशीनरूमची चावी दे. मी दिली. मग लिफ्ट चालू झाली, पाटी पण काढली. मला काय माहीत?"

हे मी त्याला हवालदारासमोर सांगायला लावायला हवं होतं. हवालदार तोवर खाली चहाला गेला होता. दुसऱ्या दिवशी गेलो तर वॉचमन बदललेला. एजन्सीने त्याला दुसऱ्या साईटवर टाकलं, कुठे ते कोणी सांगेना. लॉबीत कॅमेरा होता, पण नेमकं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग नव्हतं. पंचनाम्यात काय लिहिलं तर 'वायरचा एक तुकडा'. रंग नाही, लांबी नाही.

चौबळ काही राक्षस नव्हते, हे मला जास्त लागतं. शोभाताईंना उचलून रिक्षात त्यांनीच ठेवलं होतं. त्यांचा शर्ट रक्ताने भरला होता म्हणे. मग त्यांनी शर्ट बदलला आणि साखरपुडा पार पाडला.

आमचं ऑफिस ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. नाडकर्णी साहेब तिथले सर्व्हिस मॅनेजर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"साळवे, ती वायर कोणाची ते सांगता येत नाही, एवढंच म्हणायचं."

"सांगता येतं की, सर."

"त्याच बिल्डरचे आणखी टॉवर उभे राहतायत. सगळ्या लिफ्ट आपल्याकडे येणारेत. सोसायटीशी भांडण परवडेल आपल्याला?"

"आणि योहान?"

"एका माणसाची चूक झाली, आम्ही त्याला काढलं. असं म्हटलं की कंपनी मोकळी. कंपनीची चूक निघाली तर सगळेच अडकू. तुम्हीसुद्धा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो तुमच्या चर्चचा आहे म्हणून तुम्ही बोलताय, असं वरचे लोक म्हणतील. विचार करा."

हे मला झोंबलं. मी बाहेर आलो आणि वायरबद्दल सगळं लिहून इन्स्पेक्टरांच्या ऑफिसात दिलं. नाडकर्णींनी मला महिन्याच्या आत स्टोअरमध्ये बसवलं. कल्याणच्या लिफ्ट गेल्या, समोर नटबोल्टांचे खोके आले. योहानला त्याआधीच काढून टाकलं होतं.

योहान जामिनावर सुटला तेव्हा मी विठ्ठलवाडीला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको करुणा दारातच म्हणाली, "साहेब, तुम्हीच सांगा ह्यांना काहीतरी. हे नुसते गप्प बसतात. मला एवढा राग येतो ना, प्रार्थनेला बसले की मी प्रभूशी भांडते. उठते तरी तोंड कडूच."

योहान कॉटवर बसला होता. दाढी वाढलेली, पण चेहरा शांत. त्या शांतपणाचाच मला राग आला.

"शोभाताईंकडे जाऊन आलो," तो म्हणाला.

"कशाला?"

"बघायला. त्या बोलल्या, तू नव्हतास रे बाबा, मला म्हाईत हाय. दुपारी दुसराच होता पिशवीवाला."

मी ताडकन उठलो. "मग पोलिसांना सांगू दे ना त्यांना. चल आत्ताच."

"नाही सांगणार त्या. सोसायटीने त्यांच्या पोरीला तिथेच कामाला लावलंय, त्यांच्या जागी. त्या रडल्या, साहेब. मी बोललो, राहू दे मावशी. मग त्यांच्यासाठी प्रार्थना करून आलो."

"अरे, तुझ्याविरुद्ध केस आहे आणि तू साक्षीदाराला राहू दे म्हणून आलास?"

"पोरीचं काम गेलं तर त्या घरात खाणार काय?"

मी म्हणालो, "प्रभू बघतोय असं तू म्हणशील आता. बघतोय, पण साक्षीला येत नाही."

तो म्हणाला, "ज्याच्यावर मी भरवसा ठेवलाय ना, साहेब, त्याच्यावरही खोटाच आरोप होता. त्यालाही सोडवायला कोणी आलं नव्हतं."

"तो तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला. तुला नुसती पुढची तारीख मिळत राहील."

करुणा चहा घेऊन आली होती. ती हसली, पण ते हसणं माझ्या बाजूचं होतं.

झालंही तसंच. तारीख पडायची, वकील यायचा नाही. वकील यायचा, तर जज्जसाहेब रजेवर. योहान प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जायचा आणि तसाच परत यायचा. लिफ्टच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याच्यावर केस आहे त्याला कोणी उभं करेना. तो काही दिवस मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत होता.

माझ्या अर्जाचा एक परिणाम मात्र झाला. कंपनीत सर्क्युलर निघालं. यापुढे लांब लाल जंपर वापरायचा नाही, साधी कुठलीही वायर चालेल. मी नाडकर्णींना जाऊन विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "साळवे, रंगावरून ओळख पटते म्हणून तुम्हीच लिहून दिलंत ना? उद्या खरंच आपली वायर कुठे राहिली तर?" इतक्या वर्षांत आमची वायर कुठे राहिली नव्हती, ती लांब आणि लाल होती म्हणूनच, हे त्यांना समजत होतं. समजून त्यांनी सही केली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. देवाचा राग आला, आणि तो मी कोणापासून लपवलाही नाही.

त्यानंतरचा गुड फ्रायडे आला. आमच्याकडे त्या दुपारची उपासना लांबलचक असते. येशूने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. चौथा उद्गार देवाला विचारलेला आहे, मला का सोडलंस म्हणून. तो बरीच वर्षं योहानकडे होता. तो फार काही विद्वान बोलायचा नाही, पण लोक ऐकायचे. त्या वर्षी मंडळीच्या पंचांपैकी एक, थोरातबंधू, माझ्याकडे आले; आमच्यात एकमेकांना बंधूच म्हणतात.

"सलाम, साळवेबंधू. यंदा चौथा उद्गार तुम्ही घ्या."

"तो योहानचा आहे."

"हो, पण केस चालू आहे ना. बाहेरचे लोकही येतात त्या दिवशी. बरं दिसत नाही. एकदा निर्दोष सुटला की पुन्हा त्यालाच देऊ."

ज्याच्यावर खोटा खटला चालवून त्याला मारलं, त्याची आठवण करायची, आणि केस चालू असलेला माणूस त्या दिवशी पुढे उभा केलेला बरं दिसत नाही. मी हे थोरातांना बोललो नाही. हो म्हणालो.

चर्च भरलं होतं. पंखे फिरत होते तरी घाम येत होता. योहान आणि करुणा अगदी मागच्या बाकावर बसले होते. माझी पाळी आली. मी पुढे गेलो आणि म्हणालो, "या उद्गारावर बोलायचा हक्क योहान पाटोळेचा आहे. सोसायटीने त्याला अडकवलं, कंपनीने त्याला काढलं आणि इथून त्याचं नाव आपण काढलं. त्याने ती वायर लावली नव्हती. याच्यापुढे मला काही येत नाही." आणि जागेवर येऊन बसलो.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि पुढच्या गीताचा नंबर सांगितला. लोक उभे राहून गायले. मागून योहानचा आवाजही येत होता. तो भसाडा आहे, लपत नाही. मी गायलो नाही.

बाहेर आल्यावर लोक मला टाळून चपला शोधत होते. योहान जवळ आला.

"उगाच केलंत, साहेब. आता ती माणसं माझ्याकडे बघणार नाहीत."

"तुला राग येतच नाही का रे?"

"येतो की. रोज येतो. सगळा त्याच्यापाशी ओततो. तुमच्यापाशी ओतला असता तर तुम्ही चौबळांच्या दारात जाऊन बसला असता."

"आणि तो काय करतो त्या रागाचं? सोडवणार आहे का तुला?"

त्याने चपला घातल्या. करुणा पुढे जाऊन गेटपाशी उभी होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "सोडवेल का, माहीत नाही. तो मला टाकणार नाही, एवढं माहीत आहे. लॉकअपमध्ये पहिल्या दिवशी मी हेच विचारलेलं, मला का सोडलंस. उत्तर नाही आलं. पण विचारताना मी एकटा नव्हतो, साहेब. ते कसं सांगू तुम्हाला?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळा वेळ मी ज्याला शांतपणा समजत होतो, तो काय होता ते मला तिथे थोडंफार कळलं. माझ्याकडे तो भरवसा नाही. मी अजून चर्चला जातो, पण भांडायला जातो. करुणाही तशीच जाते.

केस अजून चालू आहे. थोरातबंधूंनी पुढच्या वर्षी चौथा उद्गार तिसऱ्याच माणसाला दिला, माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. शोभाताई कुबडी घेऊन चालतात, त्यांची मुलगी त्याच लिफ्टने वर जाते. चौबळ अजून सेक्रेटरी आहेत. कंपनीला ते सगळे टॉवर मिळाले आणि तिथली पोरं हाताला लागेल ती वायर वापरतात. मी रिटायर झालो. योहान उल्हासनगरला एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे लिफ्टचंच काम करतो, कागदावर नाव न घालता. त्याच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात हातभर लाल वायर अजून असते.

लोक मला विचारतात, या सगळ्यातून तुम्ही काय शिकलात? देवाबद्दल योहानला विचारा. माझ्यापुरतं विचाराल तर एवढंच सांगतो. लिफ्टवर बंदची पाटी असेल, तर जिन्याने जा. घरी साखरपुडा असला तरी.