लोकर कातरणीची रजा

"सर, आत उघडून बघितलं का?"

असं विचारताना ती चष्मा काढायची, ओढणीच्या टोकानं पुसायची आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच फाईल उघडायची. हिंगोलीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयात या प्रश्नाला सगळे वैतागले होते. सगळ्यात जास्त मी. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेलो, म्हणून 'सर'. मी तिचा वरिष्ठ होतो आणि कधीच काही उघडून बघत नसे.

तिचं काम आधी सांगतो. आम्ही जिनिंगच्या आणि आडतीच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. त्यातला बराचसा माल जगभरच्या लोकांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला असतो. पण खुल्या मालालाही अटी असतात. कुणी म्हणतं, आमचं नाव ठेवा आणि खुशाल वापरा. कुणी म्हणतं, आमचं वापरलंत तर तुमचंही उघडं करा. या अटी शोधणारं एक तपासणीचं सॉफ्टवेअर असतं. ते वापरायला चालत असेल तर हिरवं, नसेल तर लाल आणि कळलं नाही तर 'अज्ञात' दाखवतं. ते कुठे चुकतं, का अडतं, हे शोधणं तिच्याकडे होतं.

एकदा त्यानं एक पॅकेज, म्हणजे अशा खुल्या मालाचं एक खोकं, हिरवं दाखवलं आणि ही अडून बसली. मालक खवळले, "मशीन म्हणते ते खोटं अन् तू म्हणतीस ते खरं, व्हय?"

"मशीन खोक्यावरची चिठ्ठी वाचून राहिली, मालक. मी खोक्यातलं वाचून राहिले."

आत खरंच दुसऱ्याच माणसाची, दुसऱ्याच अटीची फाईल निघाली.

तिचं घर जवळा बाजार या गावाशेजारच्या खेड्यात. घरी मेंढरं. मला एकदा म्हणाली, "दोन कळप एकात गेले तर रंगाचा ठिपका बघून चालत न्हाई, सर. रंग कोनीबी लावतं. आमचे बाबा कानाला पाडलेली खाच बघतात." मेंढरं राखणाऱ्याची पोर मला शिकवते, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आलं होतं, ते लिहून ठेवतो.

मग तो सोमवार. तिनं रजेचा अर्ज दिला होता. कारण लिहिलं होतं, 'घरी लोकर कातरणी आहे, सगळ्यांचे हात लागतात.' तो अर्ज कार्यालयात हातोहात फिरला. एक केस वाढवलेला सहकारी म्हणाला, "येताना घोंगडी आण बरं का!"

"आणते की. पण लोकर कमी पडली तर तुमचीच कातरीन."

मी हसत हसत सही केली.

नेमका त्याच दिवशी पुण्याच्या ग्राहक कंपनीला अहवाल हवा होता. काट्याची पावती छापणाऱ्या पॅकेजमधल्या एका फोल्डरवर तपासणी येऊन अडायची. मला फक्त तिला एक फोन करायचा होता, बस. मी केला नाही. मला तिला विचारायचं नव्हतं! तपासणीतून वगळायच्या यादीत मी ते फोल्डर टाकलं, मशीननं ते बघितलंच नाही आणि सगळं हिरवं झालं. कार्यालयात या कामासाठी एकच खातं होतं, तिच्या नावाचं. त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. म्हणून नोंद झाली ती तिच्या नावानं.

पुढे पुण्याच्या कंपनीनं स्वतः तपासलं. त्या फोल्डरमध्ये 'तुमचंही उघडं करा' हीच अट होती. त्यांनी करार मोडला. मालकांनी तिला सर्वांसमोर उभं केलं, "कोणी लपवलं हे?"

"त्या दिवशी मी रजेवर व्हते. सरांनी सही केलती. इचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले. अर्ज माझ्याच खणात होता.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

ज्या अर्जावर अख्खं कार्यालय आठवडाभर हसलं, तो मला आठवत नव्हता! आणि त्या हसणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. त्यांचा संताप येतो मला. पण ते भित्रे होते. मी खोटारडा होतो. तिनं डबा पिशवीत टाकला आणि ती गेली.

नांदेडला दोन ठिकाणी तिला नोकरी नाकारली. तिथून मालकांना फोन यायचा आणि मालक सांगायचे, "पोरगी लबाड आहे." शेजारच्या खुर्चीत बसून मी चहा पीत असे.

इतक्या वर्षांनी, यंदा मी सगळं लिहून मालकांना दिलं. ते म्हणाले, "आता काहून उकरून राहिले, सर? वय झालं तुमचं." वय झालं म्हणूनच तर! की नीचपणालाही वयाची सवलत असते? पुण्याच्या कंपनीलाही पत्र धाडलं, अर्जाची प्रत जोडून.

मग तोच कागद घेऊन तिच्या गावी गेलो. तिची आई दारात आली. मी कोण ते सांगितलं. बसा म्हणाली नाही.

"ती न्हाई इथं. हैदराबादेत राहती. तुमचं नाव बी काढू नका म्हनती."

मी कागद पुढे केला.

"मला वाचता येत न्हाई. आन् एकटीनं ऐकून काय करू? गावात बी लबाड म्हनूनच बोलले तिला." तिनं शेजारच्या चार घरांना हाका मारल्या. बायामाणसं अंगणात जमली. "हं, आता वाचा. मोठ्यानं."

मी उभ्यानं वाचलं. 'ते फोल्डर मी वगळलं. ती रजेवर होती. मला आठवत होतं.' मी कागदाची घडी घालायला लागलो, तेवढ्यात रानातून मेंढरं आली आणि त्यांच्यामागून तिचे वडील.

"घडी नका घालू," तिची आई म्हणाली. "यांनी न्हाई ऐकलं अजून."