बंद घराचे मलनिःसारण बिल

चोऱ्या, मारामाऱ्या, समुद्रात बुडालेले पर्यटक, जमिनीच्या बांधावरून फुटलेली डोकी, असे बरेच काही नोकरीत पाहिले. पण तुमच्या हातून सर्वांत मोठी चूक कुठे झाली, असे कोणी विचारले की मला एका बंद घराचे मलनिःसारण बिल आठवते. त्यातली माणसे अजून तिथेच राहतात, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा मी घाटावरचा. मालवणी समजायला मला वर्ष लागले, बोलायला तर आजही जमत नाही. शहरात भुयारी गटार नुकतेच झाले होते आणि पाण्याच्या बिलात ‘मलनिःसारण सेवा आकार’ अशी एक नवी ओळ आली होती. त्यावरून लोकांची कुरकूर चाले, पण ती नगरपंचायतीच्या खिडकीपर्यंत. ठाण्यापर्यंत ती कधी येईल असे वाटले नव्हते.

एके दिवशी हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो. साठीचे एक गृहस्थ आत आले. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, कपडे नीटनेटके, हातात प्लॅस्टिकची फाइल. गावचे घर विकायचे म्हणून ते आले होते. थकबाकी नसल्याचा दाखला मागायला नगरपंचायतीत गेले, तर दीड वर्षाचे पाणी आणि मलनिःसारण बिल थकलेले निघाले.

“साहेब, पत्नीच्या आजारपणामुळे दीड वर्ष मी गावी आलेलो नाही. घराला कुलूप आहे. हे विजेचे बिल बघा, युनिट शून्य. मेन स्विच मी स्वतः पाडून गेलो होतो. मग पाणी कोणी वापरले? आणि बंद घराचा संडास कोण वापरतो? भूत?”

बोलण्यात तथ्य वाटले. त्यांनी सोबत लेखी अर्ज आणला होता: मीटरचे रीडिंग घेणारा कर्मचारी घरी बसून खोटे आकडे टाकतो, त्याची चौकशी व्हावी. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि त्या कर्मचाऱ्याला बोलावून घेतले.

तो ठेकेदाराकडचा माणूस होता. पस्तिशीचा, अंगाने किडकिडीत, खांद्याला पिशवी, पिशवीत रीडिंगची वही. त्या काळी रीडिंगचा फोटो काढायची पद्धत त्या शहरात नव्हती. वहीत लिहिले तेच खरे.

मी त्याला विचारले, “बंद घरात पाणी कसे चालते?”

“साहेब, काटा जो आकडा दाखवतो तो मी लिहितो.”

“विजेचा आकडा शून्य आहे.”

“विजेचे मला माहीत नाही. पाण्याचा मीटर बाहेर गडग्याजवळ, दगडी कुंपणाला लागून आहे. आपण चला, मी दाखवतो.”

त्याच क्षणी उठून गेलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मीटर ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होता. पण माझ्या डोक्यात विजेचे शून्य बसले होते. वीज नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे पाणी नाही, म्हणजे वही खोटी. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवले आणि दुसऱ्या कामाला लागलो. माणूस बसून बसून कंटाळला की बोलतो, हा आमचा जुना हिशेब. दुपारी पुन्हा विचारले, संध्याकाळी पुन्हा. आतापर्यंत तो शुद्ध मराठीत बोलत होता. शेवटी त्याचा आवाज चढला.

“सकाळपासून माका इचारतास. त्या मीटराक एकदा तरी इचारा!”

जबाब घेऊन आणि वही ठेवून घेऊन मी त्याला सोडले. ठाण्याचा तो बाक रस्त्यावरून स्पष्ट दिसायचा, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. त्याला दिवसभर तिथे बसवल्याचे ठेकेदाराला मात्र लगेच कळले. दुसऱ्या दिवसापासून त्याने या माणसाला कामावर येऊ नको म्हणून सांगितले.

सकाळी मी वही आणि बिले घेऊन नगरपंचायतीत गेलो. पुरावा पक्का करायला गेलो होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. बिलांचे काम पाहणाऱ्या लिपिक बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, बिल माझ्यापुढे सरळ केले आणि शाळेतल्यासारखे विचारले, “साहेब, आपण हे वाचलेत का?”

मी एकूण रक्कम वाचली होती. बाकीचे वाचले नव्हते.

“हे पाण्याचे, मीटरप्रमाणे. खाली मलनिःसारणाचे दोन भाग आहेत. पहिला ठरावीक आकार. घर बंद असले तरी रस्त्याखालची वाहिनी बंद होत नाही. पंप चालवावा लागतो, गाळ काढावा लागतो. म्हणून ज्यांची जोडणी आहे त्या सगळ्यांना तो लागतो. दुसरा भाग वापराप्रमाणे. आता गटारात किती पाणी गेले ते मोजणारा मीटर कोणाच्या घरी नसतो. म्हणून नळाने जेवढे आले त्यातला काही हिस्सा गटारात गेला असे धरतात. विहिरीचे पाणी यात येत नाही, कारण ते मोजलेच जात नाही.”

“पण मालक गावी नव्हते.”

“मग नळ तात्पुरता बंद करण्याचा अर्ज द्यायला हवा होता. तो त्यांनी दिला नाही. ते राहू द्या.” त्यांनी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवले. “घरी बसून रीडिंग टाकणारे मी पाहिलेत. ते दर महिन्याला एकच आकडा टाकतात. इथे बघा, मे महिन्यात थोडे जास्त, पावसात कमी. एका माणसाला लागेल एवढेच. आणि ही गंमत बघा. गणपतीच्या महिन्यात सगळ्या वाडीचे पाणी दुप्पट होते, याचे जवळजवळ काहीच नाही.”

“गळती असेल.”

“गळती सणाला थांबत नाही, साहेब. तरी खात्री करायची तर घरामागचा चेंबर उघडून पाहा. पाणी मातीत जिरत असेल तर चेंबर कोरडा मिळेल.”

त्या बाईंनी पाच मिनिटांत जे वाचले, ते मला एका दिवसात वाचता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एक हवालदार, नगरपंचायतीचा एक कामगार आणि दोन पंच घेऊन त्या घराशी गेलो. साधे कौलारू घर, पुढच्या दाराला कुलूप, दारातच रस्त्याला लागून विहीर. आधी मीटर पाहिला. आकडा वहीतल्या शेवटच्या आकड्याच्या थोडा पुढे होता. म्हणजे वही खरी होती. आमच्या डोळ्यांसमोर काटा सावकाश फिरत होता.

मागे जाऊन कामगाराने चेंबरचे झाकण पहारीने उचलले. आत ओल होती. क्षणभराने पाइपातून पाणी आले, वर साबणाचा पांढरा फेस. आत कोणीतरी आंघोळ करत होते. पंच एकमेकांकडे पाहू लागले. तपास लागल्याचा आनंद पोलिसाला नेहमी होतो. त्या सकाळी तो झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ठाण्यातला तो बाक होता.

आम्ही मागचे दार वाजवणार इतक्यात शेजारच्या घरातून ऐंशीला टेकलेल्या एक काकी लगबगीने आल्या. मुंबईच्या मालकांनी घराची चावी त्यांच्याकडेच ठेवली होती.

“दार वाजवू नकात,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “काय इचारूचा ता माका इचारा.”

“आत कोण आहे, काकी?”

“घरमालकाचो मोठो भाव.”

मालकांना मोठा भाऊ आहे हे अर्जात नव्हते. काकींनी पायरीवर बसून सांगितले ते असे. मोठा भाऊही मुंबईत नोकरीला होता. दारू लागली, नोकरी गेली, लग्न झालेच नाही. वडिलांनी मरण्यापूर्वी घर धाकट्याच्या नावावर केले. वडिलांच्या दिवसकार्याला मोठा पिऊन आला, तेव्हा धाकट्याने सगळ्यांदेखत सांगितले की पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो गेला. बरीच वर्षे कोणाला पत्ता नव्हता. दीड वर्षापूर्वी एका दुपारी तो काकींच्या दारात उभा राहिला. दारू सुटलेली, अंगावर मांस नाही.

“त्येका मी बारको आसल्यापासून बगतंय. दारात येवन उबो रवलो, तर जा म्हणान कसा सांगू? घर त्येच्या बापाशीनच बांधलेला.”

तो जवळच्या जाळ्यांच्या शेडमध्ये जाळी दुरुस्त करायला जाई. दिवा लावत नसे. विहीर रस्त्यावर, रहाट वाजला की कोणीही पाहील, म्हणून मागच्या नळाचे पाणी वापरी. गणपतीत चाकरमानी येऊन वाडी भरली की आचरे गावी ओळखीच्यांकडे जाऊन राही. घरी येणारी, मुंबईच्या पत्त्यावर पाठवायची बिले काकींनी डब्यात ठेवून दिली होती. पाण्याचा मीटर सगळे सांगतो आहे, हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

दार आतून उघडले. ओल्या पंच्यातला एक म्हातारा दिसणारा माणूस उभा होता. हात जोडून म्हणाला, “काकीक काय बोलू नकात, साहेब. चूक माझी आसा.”

कायद्याने तो दुसऱ्याच्या घरात शिरला होता. त्याला ठाण्यात आणले, पण या वेळी आत माझ्या खोलीत बसवले आणि चहा दिला. मालक कुडाळला सासुरवाडीत उतरले होते. घरात राहणारा माणूस सापडला, एवढाच फोन मी केला. तासाभरात ते आले ते रागाने लाल होऊन.

“कुठे आहे तो?” म्हणत आत शिरले आणि दारातच थांबले.

मुंबईची मराठी बोलणाऱ्या त्या गृहस्थांच्या तोंडून जे आले ते मालवणीत आले.

“तू जिवंत आसस?”

“आसंय.” मोठ्याने मान वर केली नाही. “बिल माझ्यामुळा झाला. मी भरतंय ता.”

धाकटे खुर्चीवर बसले. फाइल मांडीवरून खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही. मला विचारणे भागच होते, म्हणून विचारले, “आपल्याला तक्रार द्यायची आहे का? बेकायदा घरात शिरल्याची होऊ शकते.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी परकी भाषा बोलतोय. “कोणाविरुद्ध?” ते म्हणाले. मी अर्ज निकाली काढला. थकबाकी त्यांनी त्याच दिवशी भरली. घराचा व्यवहार थांबला. मोठा भाऊ तिथेच राहिला आणि वीज पुन्हा सुरू झाली. दोघांचे मन पुरते जुळले असे मी म्हणणार नाही. धाकटे आले की पुढच्या खोलीत झोपत, मोठा मागच्या. पण ते येत राहिले.

इथे प्रकरण संपले असे कागदावर दिसते. माझ्यासाठी संपले नव्हते. रीडिंग घेणाऱ्यावर कोणताही ठपका नाही, असे पत्र मी नगरपंचायतीला आणि ठेकेदाराला दिले. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा कामावर घेतले. मधल्या काळात तो काजूच्या कारखान्यात पोती उचलत होता. हे कळल्यावर मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण ओठावर आले ते, “पत्र मिळाले ना?”

“गावला, साहेब. बरा केलात.” तो ओटीवर उभाच राहिला. “पण माझ्या चेडवाक शाळेत पोरा म्हणतत, तुझ्या बापाशीक पोलिसांनी धरलेलो. त्या पोरांक पत्र कोण वाचून दाखवतलो?”

पुढच्या महिन्याच्या रीडिंगच्या दिवशी मी पूर्ण वर्दी घालून सकाळीच त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, “चला, आज मी बरोबर येतो.” त्या वाडीतल्या घराघरांपुढे तो वाकून आकडा वाचत होता आणि मी त्याची वही धरून लिहीत होतो. माणसे दारात आली, पाहत राहिली. शाळेची वाट त्याच रस्त्याने जात होती.

संशयिताचा चेहरा वाचता येतो, असा पोलिसांचा समज असतो. माझाही होता. समोर आलेला साधा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, आणि त्याची किंमत एका निर्दोष माणसाने दिली. पुढे माझ्या हाताखालच्या नव्या पोरांना मी सांगायचो की माणसाला बाकावर बसवण्याआधी तो म्हणतो तिथे जाऊन पाहून या. तो खोटे बोलत असेल तर दहा मिनिटेच जातील.

त्या दिवशी वाडीतली अर्धी घरे झाली तेव्हा ऊन चढले होते. त्याने माझ्या हातातून वही घेतली, पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले आणि म्हणाला, “आता जावा, साहेब. रवलेली घरा मी बगतंय.”