उभं राहून ऐकलेला जॅझ

सोनाळ्यात सॅक्सोफोन वाजवणारा मी एकटाच. बरीच वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवला, वरातीपुढे चालून चालून चपला झिजवल्या. जॅझ मात्र मला फोनवर भेटला. संत्र्याच्या बागेला पाणी देताना एका नातेवाइकाच्या हळदीचा व्हिडिओ पाहत होतो. बोट घसरलं आणि भलतंच काही सुरू झालं. कोणी परदेशी माणूस माझंच वाद्य वाजवत होता, पण घरी जायची काहीच घाई नसल्यासारखा. चाल सोडून कुठेही भटकायचा आणि बरोबर परत यायचा. मी बांधावर बसून ऐकत राहिलो. पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं, तो खूश झाला.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. सकाळी दात घासताना मी ठेका धरायचो. जेवताना ताटावर बोटं वाजवायचो. स्वयंपाक चालू असताना घरात सराव केला तर बायको चिडायची.

"तुमच्या वाजवण्यात मले कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत," ती म्हणाली. "काल तुमची एक शिट्टी मी डाळीत मोजली."

डाळ खरंच कच्ची होती. म्हणून मी सराव क्लबमध्ये हलवला.

क्लब म्हणजे बसस्टँडमागची पत्र्याची खोली. आत दोन कॅरम बोर्ड, एक पंखा आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे निवृत्त कंडक्टर. त्यांनी दाराजवळ दोरीला घंटी बांधली होती आणि सगळा क्लब ते घंटीवर चालवायचे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या. कॅरमवर भांडण लागलं की एक घंटी. चहा आला की दोन.

तिथे मला दोन साथीदार मिळाले. एक आमच्या बँडचे कपडे शिवणारे चाचा. त्यांनी उभा जन्म मिरवणुकांत ढोल वाजवला होता, गणपतीच्या असो की उरुसाच्या. दुसरे भूगोलाचे निवृत्त सर, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. सरांना मी जॅझ समजावून सांगितला.

"म्हणजे चाल असते, पण ती वाजवायची नाही," सर म्हणाले.

"वाजवायची, पण सोडून द्यायची. मग पुन्हा धरायची."

"अन् मी काय करू?"

"तुमी हे चार सूर धरून बसा. काही झालं तरी सोडू नका."

चाचांना समजावायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "वरातीत घोडं अडलं की आपण हेच तर करतो, मियाँ."

कॅरमवाले मात्र वैतागले. मी वरचा सूर लावला की त्यांचा स्ट्रायकर चुकायचा. एकाने अध्यक्षांकडे तक्रार केली, "हे अर्ध्या तासापासून नुसतं वाद्य जुळवून राह्यले. गाणं कधी सुरू करतीन?" बैठक झाली. ठरलं असं की जॅझ फक्त राणी बोर्डावर नसताना वाजवायचा. त्यामुळे आमचा सगळा सराव तुकड्या-तुकड्यांत झाला. कोणी राणी घेतली की आम्ही धावत वाद्यं उचलायचो.

क्लबच्या वर्धापनदिनाला दुपारी कॅरमचा अंतिम सामना होता. त्यानंतर बक्षिसं आणि मग आम्ही. सतरंज्यांवर पन्नासेक माणसं बसली होती, बायकाही आल्या होत्या. एक पाहुणे लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरहून स्पर्धेसाठी आले होते. ते सकाळी पहिल्याच फेरीत हरले होते, पण चिवड्यासाठी थांबले होते.

मी स्वतः बांधलेली चाल सुरू केली. सरांनी चार सूर धरले. चाचांनी ठेका हलका ठेवला. सगळं इतकं छान जमलं की मी डोळे मिटले आणि चाल सोडून दूर भटकायला निघालो. तिथेच सरांची वाट चुकली. आणि सरांची वाट चुकली की त्यांची बोटं, बैल घराकडे वळावा तशी, आरतीकडे वळतात. हे मला माहीत नव्हतं.

मी डोळे उघडले तर सगळे उभे. पुढच्या रांगेतल्या म्हातारीने पदर डोक्यावर घेतला होता. अध्यक्षांनी टोपी नीट केली होती. सगळ्यांचे हात जोडलेले. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, लोक माझ्यासाठी उभे राहिले. मग टाळ्या सुरू झाल्या, एका ठेक्यात, आणि मला पेटी ऐकू आली.

चाचांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि ठेका बदलला. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मीही आरतीच धरली. पण मी काही सरळ वाजवणारा राहिलो नव्हतो. दोन ओळी वाजवून मी पुन्हा भटकलो. लोकांना वाटलं, आरती संपली. ते बसायला लागले. अर्धे खाली गेले तोच मी चालीवर परत आलो. सगळे पुन्हा ताठ. मी पुन्हा सुटलो, ते पुन्हा वाकले. मला त्यात गंमत वाटायला लागली, हे आता कबूल करायला हरकत नाही. अध्यक्षांचे गुडघे दुखतात. सहाव्यांदा उठल्यावर त्यांनी भिंतीला धरून दाराकडे जाऊन एक घंटी दिली. आम्ही थांबलो.

कोणीतरी मागून विचारलं, "प्रसाद?"

चिवडा वाटला गेला. लोकांनी उजव्या हाताखाली डावा हात धरून तो घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

माझं तोंड उतरलं. मी सरांना म्हणालो, "सर, तुमी आरतीत काऊन शिरले?"

"मी?" सर म्हणाले. "मले वाटलं तुमीच शिरले. मी तर तुमच्या मागं आलो."

चाचा ढोल कापडात बांधत होते. "अरे, पुढं काय होईन हे कोणालेच माहीत नव्हतं. तुलेही नव्हतं. मग जॅझ झाला का नाही?"

मी सॅक्सोफोन पुसायला लागलो.

तेवढ्यात सुलतानपूरचे पाहुणे जवळ आले. "पोरीचा साखरपुडा आहे," ते म्हणाले. "तुमी या. हे असंच वाजवा."

आम्ही गेलो. मी सरांना वाटभर जीपमध्ये चार सूर म्हणायला लावले. तिथे सर चुकले नाहीत, आणि माझ्या मनातला जॅझ मी पहिल्यांदा पूर्ण वाजवला. कोणी उभं राहिलं नाही. खरं तर कोणी ऐकलंच नाही. लोक जेवत होते, फोटो काढत होते. फक्त आचारी झारा हातात घेऊन मंडपाच्या मागून बाहेर आला आणि शेवटपर्यंत उभा राहिला.

"मघाचं ते पुन्हा वाजवा ना," तो म्हणाला.

मी म्हणालो, "हे पुन्हा तसंच नाही वाजवता येत, भाऊ."

"हाव," तो म्हणाला. "माह्या भाजीचंही तसंच आहे." मग त्याला भाजी आठवली आणि तो पळाला.

भाजी थोडी करपली होती. आम्ही तिघांनी ती दोन-दोनदा मागून घेतली.