चार मिनिटं बुटांची

नोवेला कॉम्ब्सला केटल ब्रँचच्या खोऱ्यात कुणी दिग्दर्शक म्हणत नसे, कॅमेरावाली म्हणत. तीस वर्षं तिने मयतांचं चित्रण केलं. हसू नका. केंटकीच्या या डोंगरातली निम्मी माणसं पोटासाठी ओहायोच्या कारखान्यांत गेलेली. आई वारली तरी पाळी सोडून येता येत नाही. मग नोवेलाची टेप त्यांच्याकडे जायची. शवपेटी, भजनं, कोण कोण आलं आणि नंतर पंगतीला काय होतं, सगळं त्यात असे.

तिचा नियम एकच. माणूस रडायला लागलं की कॅमेरा खाली, हातांवर नाहीतर पायांवर. कुणी वाद घातला तर ती सरळ कॅमेरा पिशवीत भरून घरी जायची.

होबार्ट स्लोन याच खोऱ्यातला. त्याची गाणी देशभरचे ट्रकवाले ऐकत. दारूने त्याचा घात केला, हे इथं कुणीच नाकारत नाही. पण तो मेल्यावर सहा वर्षांनी कॅलिफोर्नियाची कंपनी सिनेमा काढायला आली, ती जणू फक्त दारूच शोधत. गाणी त्याच्या बहिणीच्या, ऑर्माच्या नावावर होती. तिची सही नसेल तर एक ओळही वापरता येणार नव्हती, आणि दिग्दर्शक कोण यालाही तिचा होकार लागत होता. बिचारी सही करायच्या विचारातच होती. आपला भाऊ कुणीतरी धडपणे दाखवावा, एवढंच तिला हवं होतं.

कंपनीचा दिग्दर्शक ट्रेंट ऑर्माच्या स्वयंपाकघरात बसला. कोरे करकरीत बूट घातलेले. पुढ्यात वाढलेल्या घेवड्याच्या कालवणाला आणि मक्याच्या भाकरीला त्याने बोटही लावलं नाही. त्याला हवी होती होबार्टच्या आईच्या मयताची टेप. त्या दिवशी होबार्ट पिऊन आला, तोही पेटी खड्ड्यात उतरल्यावर, आणि त्याने खड्ड्यात उडी घेतली. गाव अजून म्हणतं, बेवड्याला आईच्या मयताचीही शुद्ध नव्हती.

नोवेलाने टेप लावली. चार मिनिटं नुसते बूट. गावकऱ्यांचे चिखलाचे, ऑर्माचे काळे आणि काठावर होबार्टचा एक सुटून पडलेला. वर आवाज, "झाकण काढा रे! एकदाच बघू द्या!"

"तोंड कुठंय त्याचं?" ट्रेंटने विचारलं.

"त्याच्यापाशी होतं," नोवेला म्हणाली.

"अहो बाई, सिनेमा तिथंच आहे! जाऊ दे, आम्ही नव्यानं घेऊ. धो धो पाऊस, त्याच्या हातात बाटली..."

"त्या दिवशी ऊन होतं," ऑर्मा म्हणाली.

"लोकांना पाऊस लागतो."

"आणि बाटली? हात रिकामे होते त्याचे. मीच धरले होते."

"तुम्ही मनावर घेऊ नका. पडझड दाखवल्याशिवाय माणूस कळत नाही."

संताप येतो तो इथं. ज्याने या माणसाला जन्मात पाहिलं नाही, तो त्याच्या सख्ख्या बहिणीला माणूस कळायच्या गोष्टी शिकवत होता, आणि तेही तिच्याच टेबलाशी बसून!

ऑर्माने पेनाला टोपण लावलं. "दिग्दर्शक ही," ती नोवेलाकडे बोट दाखवून म्हणाली. "ही नसेल तर गाणी नाहीत."

ट्रेंट मोठ्यांदा हसला. दोघींपैकी कुणीच हसत नाही हे कळायला त्याला बराच वेळ लागला. मग कागद गोळा करून तो गेला.

"डोकं फिरलंय का तुझं?" नोवेला उखडली. "मला सिनेमा कुठं येतो? कॅमेरा खाली करणं तेवढं येतं."

"तेवढंच मला हवंय. उद्या सकाळी ये."

सकाळी त्याच टेबलाशी ऑर्मा बोलायला बसली. होबार्टचं लहानपण, पहिली गिटार, बापाचा मार. मग मयताचा दिवस आला, ती रडायला लागली आणि नोवेलाचा कॅमेरा सवयीने खाली वळला.

"वर धर."

"ऑर्मा, माझा नियम..."

"त्याचं तोंड झाकलंस, उपकार केलेस. माझं झाकू नकोस. वर धर म्हणते ना!"

नोवेलाने कॅमेरा वर घेतला.

"तो उशिरा आला नव्हता," ऑर्मा सरळ भिंगात बघत म्हणाली. डोळे वाहत होते, तिने पुसले नाहीत. "मयत अकराला होतं. मी त्याला दोन सांगितलं. पिऊन येईल, चारचौघांत शोभा करील, म्हणून मुद्दाम. तरी तो लवकर निघाला आणि बाराला पोचला. आईचं तोंड त्याला माझ्यामुळे दिसलं नाही. सारं गाव त्याच्यावर बेवडा म्हणून थुंकलं आणि पंचवीस वर्षं मी ऐकून घेतलं."

नोवेलाने कॅमेरा खाली केला नाही.