बोरमाळचे चावीवाले चाचा

दोन सरकारांना एकाच दुपारी ‘नाही’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या बोरमाळचे चावीवाले चाचा. आडनाव मुलाणी, पण ते फक्त मतदारयादीत. गावच्या विहिरीवरचा पंप आणि आळीआळीचे व्हॉल्व्ह त्यांच्या ताब्यात. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी निघायचे. व्हॉल्व्ह उघडला की पाइपावर चावी दोनदा ठणठण वाजवायची, म्हणजे त्या आळीनं हंडे मांडायचे.

मी पेठेतून लग्न करून हडपसरच्या पलीकडच्या या गावात आले, ती नाक वर करूनच. आठवड्याभरात चाचांना रस्त्यात अडवलं. आमच्या आळीला पाणी सगळ्यात शेवटी का, असा माझा रोखठोक सवाल. ते म्हणाले, “माळावरच्या बायांना सातची बस हाय, सूनबाई. तुमची शाळा साडेदहाची.” मी शाळेत शिकवते हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी आल्या वाटेनं घरी परतले. सासऱ्यांनीही पूर्वी हाच वाद घालून पाहिला होता म्हणे. ‘पाणी उताराला आपलं आपण येतं, चढाला न्यायला माणूस लागतो,’ एवढं ऐकून तेही गुमान घरी आले होते.

आता आमच्या गावाचं त्रांगडं सांगते. गाव पालिकेत घेतलं, तेव्हा आमच्या हुशार मंडळींनी हलगी लावून, गुलाल उधळून ग्रामपंचायतीचा बोर्ड उतरवला. पेढे वाटले. मग घरपट्टीचे कागद आले आणि पेढे घशात अडकले. मोर्चे निघाले, गाव वगळल्याचं जाहीर झालं, तर तोच बोर्ड पुसून पुन्हा चढवला. पुन्हा हलगी, पुन्हा पेढे. तेवढ्यात कुणीतरी कोर्टात गेलं आणि स्थगिती आली. गाव ना धड पालिकेचं राहिलं, ना पंचायतीचं. दोन्ही वेळच्या मिरवणुकांत चाचा नव्हते. पेढा मात्र दोन्ही वेळा घेतला. “गोडाचं काय भांडण?” म्हणाले.

रस्त्यावरचे दिवे गेले, कचरा साचला, आम्ही बोंबललो आणि गप्प बसलो. पण एका उन्हाळ्यात गोष्ट पाण्यावर आली. दुपारी जिल्ह्याच्या ऑफिसची जीप आली. गाव आता आमचं नाही, पंप बंद करा, चावी जमा करा, असं साहेबांचं म्हणणं. ती वळते न वळते तोच पालिकेची जीप हजर. विहीर आमच्या दप्तरात नाही, पंपाला सील लावणार, पुढे टँकरचं बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. विहीर बंद म्हणजे माळावरच्या दीडशे घरांच्या घशाला कोरड.

चाचा पंपघराच्या दारात मांडी घालून बसले. चावी मांडीवर आडवी. दोन्ही साहेबांना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की उद्यापासून या गावाला पाणी आम्ही देऊ असं लिहून सही करा आणि चावी खुशाल न्या. कोरा कागद आणि पेन मीच शाळेच्या पिशवीतून काढून दिलं. एकाही साहेबाचा हात पेनाला लागला नाही. सही केली असती तर गाव गळ्यात पडलं असतं ना! पालिकेचे साहेब शेवटी चिडले. तुम्ही कोण, कुठल्या हुद्द्यावर आहात, असं विचारू लागले.

“हुद्द्याचं तुमी बघा,” चाचा म्हणाले. “सकाळी लोकांना पाणी लागतं, तेवढं मला म्हाईत हाय.”

तोवर माळावरच्या बाया रिकामे हंडे घेऊन येऊन बसल्या होत्या. मीही त्यांच्यात बसले, आणि आमचे सासरेही, धोतर सावरत. सील जसं आलं तसं जीपमधून परत गेलं. पुढची नऊ वर्षं कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि चाचा पाणी सोडत राहिले. बंद पडलेल्या पगाराचं विचारलं की हसायचे. त्यांच्या सुनेचं शिलाईमशीन घर चालवत होतं. कुणी दया दाखवली की त्यांना राग यायचा, खरा राग.

ते गेले एका शुक्रवारी पहाटे, झोपेतच. नोंद कुठल्या ऑफिसात करायची ही टोलवाटोलवी नंतर झालीच, पण ते जाऊ दे. सकाळी त्यांच्या अंगणात सगळं गाव उभं होतं. पाण्याची वेळ टळून गेली होती आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. चाची उठल्या, दारामागची चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

“आधी वर पाणी सोडा,” त्या म्हणाल्या. “ह्यांची आंघोळ मागनं.”

मी जन्मात व्हॉल्व्ह फिरवला नव्हता. सगळं वजन टाकून, रडत, चाचांशी मनातल्या मनात भांडत तो फिरवला. वर नळ वाहायला लागले. सातची बस केव्हाच गेली होती, पण एकही बाई कामाला निघाली नव्हती. अंगणातून वर गेलेल्या बायांनी पहिला हंडा घरात नेला नाही. भरलेले हंडे डोक्यावर घेऊन त्या उतारावरून खाली आल्या आणि ते त्यांनी चाचांच्या शेवटच्या आंघोळीसाठी दारात मांडून ठेवले.